साइट ब्लॉक होऊ नये म्हणून मालकाने काय करायचं? आधी त्याला कळवा तरी

१५ फेब्रुवारी २०२५ ला संध्याकाळी तमिळनाडूत विकटनची वेबसाइट लोकांना उघडेनाशी झाली. आनंद विकटन म्हणजे १९२६ पासून चालत आलेलं साप्ताहिक, तिकडे पिढ्यान् पिढ्या वाचलं जाणारं. त्यांच्या डिजिटल अंकात एक व्यंगचित्र आलं होतं, ट्रम्पच्या शेजारी मोदी बसलेत आणि हातापायात बेड्या आहेत, अमेरिकेने आपल्या लोकांना बेड्या घालून परत पाठवलं त्याच्यावरचं. ते चित्र कुणाला आवडेल कुणाला अजिबात नाही आवडणार, तो विषय वेगळा, पण बंद काय झालं तर चित्र नाही, चित्राचं पानही नाही, अख्खी साइट. बातम्या, जुने अंक, सगळं. आणि विकटनवाल्यांनी त्यावेळी जाहीर केलं की सरकारकडून आम्हाला अधिकृत काहीच कळवलेलं नाही, वाचक सांगतायत उघडत नाही म्हणून आम्ही बघतोय. पुढे ते मद्रास हायकोर्टात गेले आणि ६ मार्चला कोर्टाने सांगितलं की ते चित्र तात्पुरतं काढा आणि साइट उघडा. म्हणजे जे काम एक पान बाजूला काढून झालं असतं त्यासाठी तीन आठवड्यांच्या आसपास एवढा मोठा प्रकाशक वाचकांपासून तोडला गेला.

मी छोट्या लोकांच्या साइट सांभाळतो, पतसंस्था, एखादा दिवाळी अंक, गडकिल्ल्यांवर भटकणारा ग्रुप, एखादं गावपातळीवरचं न्यूज पोर्टल, असली कामं. अशा बातम्या आल्या की मला हमखास विचारलं जातं, आपली साइट ब्लॉक होऊ नये म्हणून आपण काय करायचं? प्रश्न साधा वाटतो आणि नेटवर त्याची उत्तरंही ढिगाने आहेत, हे प्लगइन टाका, तिकडचं होस्टिंग घ्या, अमुक सर्व्हिसच्या मागे साइट ठेवा. माझं म्हणणं असं आहे की ब्लॉक होण्याचे जे छोटे प्रकार आहेत ते मालक खरंच टाळू शकतो आणि त्याने टाळलेच पाहिजेत, पण जो मोठा प्रकार आहे, सरकारी किंवा कोर्टाच्या आदेशाने होणारा, तो टाळणं मालकाच्या हातात नाही, कारण त्याला काही विचारलंच जात नाही. आणि ज्याच्या हातात नाही त्यालाच आपण काळजी घे म्हणून सांगत बसलोय.

आधी हातातलं बघू. आपल्याकडच्या छोट्या साइट बंद पडतात त्यातल्या खूपशा सरकारमुळे नाही, मालवेअरमुळे. वर्डप्रेसची विकत घ्यायची थीम कुठूनतरी फुकटात उतरवून टाकलेली असते, तिच्यात कुणीतरी आधीच कोड घालून ठेवलेला असतो, सहा महिने काही होत नाही आणि मग एक दिवस मोबाइलवर साइट उघडली की जुगाराच्या पानावर जाते आणि थोड्याच दिवसांत क्रोममध्ये लाल पडदा येतो की पुढची साइट धोकादायक आहे. ही गुगलची सेफ ब्राउझिंगची यादी. फायरफॉक्स आणि सफारी पण तीच यादी वापरतात, त्यामुळे एकदा त्यात नाव गेलं की जवळपास सगळीकडेच दार बंद. पण इथे एक गोष्ट बघा, सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटच्या मालकांसाठी गुगलचं जे पान असतं तिथे, गेलात तर कारण लिहिलेलं असतं, कुठली पानं खराब आहेत त्याचे नमुने असतात, साफ करून परत तपासा म्हणून बटण असतं, आणि काही दिवसांत यादीतून नाव निघतं. एका खासगी कंपनीची यादी आहे आणि तिच्याबद्दल तक्रारी असतीलही, पण कारण सांगतात आणि अर्ज ऐकतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट डोमेनची. तालुक्याच्या गावात अजूनही सर्रास असं असतं की संस्थेचं डोमेन साइट बनवणाऱ्या पोराच्या ईमेलवर घेतलेलं असतं, तो पोरगा पुण्याला नोकरीला गेला, नंबर बदलला, आणि रिन्यूअलचे मेल, तक्रारीचे मेल, नोटिसा, सगळं त्याच्या जुन्या इनबॉक्समध्ये पडून राहतं. उद्या कुणी खरंच कळवायचं म्हटलं तरी तुमच्यापर्यंत पोचणार नाही. डोमेन स्वतःच्या नावावर घ्या, संपर्काच्या पानावर चालू असलेला ईमेल आणि पत्ता टाका, बॅकअप होस्टिंगवाल्याकडेच न ठेवता वेगळीकडेही ठेवा. हे सगळं मालकाचंच काम आहे आणि यात हयगय करून मग नशिबाला बोल लावण्यात अर्थ नाही.

तिसरा प्रकार अर्धा हातात अर्धा नाही. स्वस्तातल्या होस्टिंगवर एकाच आयपी पत्त्यावर शेकडो साइट असतात, क्लाउडफ्लेअरसारख्या सर्व्हिसच्या मागे, जी वाचक आणि साइटच्या मध्ये उभी राहून ट्रॅफिक सांभाळते, तर त्याहून कितीतरी जास्त. त्यातल्या एकीसाठी कुणी आयपीच बंद केला की बाकीच्या विनाकारण जातात, चाळीत एका बिऱ्हाडाचं भाडं थकलं म्हणून अख्ख्या चाळीचं पाणी तोडावं तसं. ऑस्ट्रियात ऑगस्ट २०२२ मध्ये पायरसीच्या थोड्याशा साइट अडवायला क्लाउडफ्लेअरचे आयपी बंद केले आणि कसलाही संबंध नसलेल्या हजारो साइट गेल्या. इटलीत पायरसी शील्ड नावाची यंत्रणा आहे, तक्रार आली की अर्ध्या तासात ब्लॉक, तिने १९ ऑक्टोबर २०२४ ला गुगल ड्राइव्हच अडवलं. स्पेनमध्ये २०२५ पासून ला लिगाच्या, म्हणजे तिथल्या फुटबॉल लीगच्या, मॅच असल्या की शनिवार-रविवारी साध्या दुकानदारांच्या साइट बंद पडायला लागल्या. आपल्याकडे आयपीपेक्षा नावावरून अडवायची पद्धत जास्त आहे म्हणून हा त्रास त्या मानाने कमी, पण तो मालकाच्या शहाणपणामुळे कमी नाही, हे समजून घ्या.

आता मोठा प्रकार. आदेश निघतो, दूरसंचार खातं तो इंटरनेट कंपन्यांना पाठवतं, आणि कंपन्या आपापल्या पद्धतीने साइट अडवतात. कुणी डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, खोटं उत्तर देतं, कुणी तुमचा ब्राउझर सर्व्हरला नमस्कार करताना साइटचं नाव उघडं सांगतो ते वाचून कनेक्शन तोडतं. पूर्वी साध्या एचटीटीपीच्या काळात एक पाटी तरी दिसायची, की मागितलेला पत्ता दूरसंचार खात्याच्या सूचनेनुसार बंद केला आहे, अधिक माहितीसाठी ॲडमिनिस्ट्रेटरशी बोला. कोण ॲडमिनिस्ट्रेटर, कुठला नंबर, काही नाही, पण निदान ब्लॉक आहे एवढं कळायचं. आता जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे वाचक आणि साइटमधलं बोलणं कुलूपबंद असतं, तिथे मध्येच पाटी घुसवता येत नाही, त्यामुळे स्क्रीनवर नुसतं येतं की साइटपर्यंत पोचता येत नाही, कनेक्शन रीसेट झालं. वाचकाला वाटतं सर्व्हर बंद आहे, किंवा यांनी होस्टिंगचे पैसे भरले नाहीत. मालकाला फोन येतात, अहो तुमची साइट बंद आहे का, तो उघडून बघतो तर त्याच्या घरच्या ब्रॉडबँडवर व्यवस्थित चालू, कारण त्या कंपनीने अजून अडवलेली नसते. शेजारच्याच्या मोबाइल डेटावर बंद. होस्टिंगवाला म्हणतो आमच्याकडून सगळं ठीक आहे, आणि त्याचं खरंच ठीक असतं. मग मालक कॅश साफ कर, प्लगइन काढ, सर्टिफिकेट परत घे असं करत बसतो, आपल्यावर आदेश निघालाय हे त्याच्या डोक्यातही येत नाही. हा सगळ्यात वाईट भाग आहे, शिक्षा झाली आहे आणि शिक्षा झाल्याचंही सांगितलेलं नाही.

आणि या एचटीटीपीएसमुळे आणखी एक गोष्ट झाली जी साइटवाल्यांनी नीट समजून घ्यायला पाहिजे. एचटीटीपीएसवर इंटरनेट कंपनीला साइटचं नाव दिसतं, पान दिसत नाही. म्हणजे एक पान अडवा असा आदेश आला तरी कंपनीला ते जमतच नाही, ती अख्खं डोमेन अडवते. २०१८ च्या जुलैपासून क्रोमने एचटीटीपी साइटना असुरक्षित असा शेरा मारायला सुरुवात केली, म्हणून आपण सगळे एचटीटीपीएसवर गेलो, वाचकाच्या भल्यासाठीच गेलो, आणि त्यातून एका पानाचा वाद अख्ख्या साइटवर येण्याची सोय झाली. विकिपीडियाने २०१५ मध्येच सगळं एचटीटीपीएसवर नेलं, त्यामागे हाही विचार होता की सरकारांना एकेक लेख निवडून अडवता येऊ नये, एकतर सगळं बंद करा नाहीतर सगळं चालू ठेवा. तुर्कस्तानने सगळंच बंद केलं, २९ एप्रिल २०१७ पासून जानेवारी २०२० पर्यंत, तिथल्या घटनात्मक कोर्टाने निकाल दिला तेव्हा उघडलं. विकिपीडियाला ते झेपलं कारण तो विकिपीडिया आहे. तालुक्याच्या न्यूज पोर्टलला पावणेतीन वर्षं कोण थांबणार आहे. मी आता लोकांना सांगतो की वादाचं काही छापत असाल, व्यंगचित्रं, राजकीय कॉलम, तर त्याला वेगळं सबडोमेन, म्हणजे मुख्य नावाच्या पुढे शब्द जोडून केलेला वेगळा पत्ता, द्या, म्हणजे अडवलंच तर तेवढंच अडवलं जाण्याची शक्यता तरी राहील. खात्री नाही, कारण खालचा कारकून मुख्य डोमेनच यादीत टाकू शकतो. आणि व्यंगचित्राला वेगळं दार करून ठेवायला सांगताना मला चांगलं वाटत नाही, पण सांगतो.

मग लोक म्हणतात, मिरर म्हणजे साइटची दुसऱ्या पत्त्यावर हुबेहूब नक्कल काढू, नवीन डोमेन घेऊ, वाचकांना व्हीपीएन वापरायला सांगू. हे जमतं, पण कुणाला जमतं ते बघा. पायरसीच्या साइटवाल्याला जमतं. त्याचं नाव अडवलं तर संध्याकाळी शेवटी एक आकडा वाढवून नवीन नाव उभं, त्याला ओळख नको असते, विश्वास नको असतो, लोक शोधत येतातच. दिल्ली हायकोर्टाने एप्रिल २०१९ मध्ये यूटीव्ही या सिनेमा कंपनीच्या खटल्यात म्हणूनच डायनॅमिक मनाईची पद्धत आणली, नवीन मिरर निघाला की दरवेळी नवीन खटला न करता तो त्याच आदेशात जोडायचा. तरी पायरसी थांबली का? चोराला पत्ता बदलायची सवय असते. ज्याने एकाच नावावर पंधरा वर्षं घालवली, ज्याचं नाव व्हिजिटिंग कार्डवर आहे, शाळेच्या पुस्तकाच्या मागे आहे, दुसऱ्या हजार पानांवरून ज्याला लिंक आहे, त्याला नाव बदलणं म्हणजे परत पहिल्यापासून सुरुवात. आणि त्याचा वाचक कोण, तर मोबाइलवर महिन्याचा पॅक मारून वाचणारा माणूस, त्याला तुम्ही व्हीपीएन टाक म्हणालात तर तो दुसरी साइट उघडेल. म्हणजे ही जी ब्लॉक करायची पद्धत आहे ती ज्याच्यासाठी म्हणून सांगतात त्याला सगळ्यात कमी लागते, आणि जो एका जागी उभा राहून आपल्या नावाने काम करतो त्याला सगळ्यात जास्त. माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे.

कायदा काय म्हणतो? आयटी कायद्याचं कलम ६९अ. देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, संरक्षण, देशाची सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि या संदर्भातला दखलपात्र गुन्हा करायला चिथावणी, एवढ्याच कारणांसाठी ब्लॉक करता येतं, आणि कारणं लेखी नोंदवावी लागतात. २००९ चे नियम आहेत. त्यात लिहिलंय की मजकूर टाकणारी व्यक्ती किंवा मध्यस्थ कोण आहे ते शोधायचा शक्य तितका प्रयत्न करायचा, त्यांना नोटीस द्यायची, निदान ४८ तास द्यायचे, समितीपुढे त्यांचं म्हणणं ऐकायचं. तातडी असेल तर आधी ब्लॉक करता येतं पण ४८ तासांत ते समितीपुढे आणायचं. कागदावर वाचलं तर चांगलं आहे. २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने श्रेया सिंघल खटल्यात ६६अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिलं म्हणून अटक करता येणारं कलम, रद्द केलं, ते सगळ्यांना आठवतं कारण पालघरच्या दोन मुलींच्या अटकेपासून तो विषय पेटला होता, पण त्याच निकालात ६९अ मात्र ठेवलं, आणि ठेवताना कारण दिलं की याच्यात लेखी कारणं आहेत, सुनावणी आहे, त्याविरुद्ध हायकोर्टात रिट करता येते. म्हणजे हे कलम टिकलंय तेच मुळी मालकाला ऐकून घेतलं जाईल या भरवशावर.

आता प्रत्यक्षात काय होतं. नियमात व्यक्ती किंवा मध्यस्थ असं आहे, त्यातला किंवा पकडून मध्यस्थाला, म्हणजे होस्टिंग कंपनी नाहीतर प्लॅटफॉर्मला कळवलं की झालं असं धरलं जातं, लिहिणाऱ्याला, चालवणाऱ्याला कुणी विचारत नाही. आणि वर १६ वा नियम, की तक्रारी आणि त्यावरची कारवाई गोपनीय. ताकास तूर लागू द्यायची नाही. तनुल ठाकूर नावाच्या पत्रकाराची हुंडा कॅल्क्युलेटर ही साइट २०१८ मध्ये ब्लॉक झाली. साइट उपहासाची होती, वय, शिक्षण, पगार भरला की तुमचा भाव किती ते सांगायची, हुंड्याची टर उडवायला काढलेली. कुणाला ती भोचक वाटली असेल, कुणाला खरंच कळलं नसेल की हा उपहास आहे, पण ती कुणी काढली हे लपलेलं नव्हतं, माणूस आपल्या नावाने वावरत होता. त्याला नोटीस नाही, सुनावणी नाही. त्याने माहिती अधिकारात विचारलं तर आदेशाची प्रत मिळणार नाही, गोपनीय आहे. तो दिल्ली हायकोर्टात गेला आणि ११ मे २०२२ ला कोर्टाने सांगितलं की याला आदेशाची प्रत द्या आणि याचं म्हणणं ऐका. ब्लॉक झाल्यावर साडेतीन वर्षांनी! आणि हे वकील मिळाले, चिकाटी होती म्हणून. जी साइट तुम्ही बंद केली त्याच्या मालकालाच का बंद केली हे सांगायला हायकोर्ट लागतं. लाल पडदा दाखवणारी कंपनी कारण सांगते, नमुने दाखवते, परत अर्ज कर म्हणते, आणि आपलं सरकार, ज्याच्यावर घटनेचं बंधन आहे, ते कानावर हात ठेवतं.

ब्लॉक करायला नेहमी दिल्लीचाच आदेश लागतो असंही नाही. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईत एमएमआरडीए मैदानावर अण्णांचं उपोषण चालू होतं तेव्हा असीम त्रिवेदीची भ्रष्टाचाराविरुद्धच्या व्यंगचित्रांची साइट गेली, मुंबई क्राइम ब्रांचकडून पत्र आलं आणि डोमेन विकणाऱ्या कंपनीने नावच बंद केलं. कोर्ट नाही, समिती नाही, एक पत्र. त्याने चित्रं ब्लॉगवर नेली. २०२० च्या जुलैत पर्यावरणवाल्या तरुण पोरांची फ्रायडेज फॉर फ्यूचरची साइट अशीच गेली, पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्याविरुद्ध मंत्र्यांना लोकांनी ढिगाने ईमेल पाठवले म्हणून दिल्ली पोलिसांनी नोटीस काढली आणि तीही यूएपीएची, दहशतवादाच्या कायद्याची, मग ओरड झाल्यावर ती चुकून गेली म्हणून मागे घेतली. चुकून! हुशार माणूस म्हणेल परदेशातल्या कंपनीकडून डोमेन घ्यायचं ना मग, घ्या, त्याने पोलिसांच्या पत्राचा धोका थोडा कमी होतो, पण इंटरनेट कंपन्या तर इथल्याच आहेत, त्यांच्या पातळीवर अडवलं की सर्व्हर आइसलँडला असला काय आणि इचलकरंजीला असला काय.

यावर दोन मुद्दे येतात आणि दोन्ही ऐकण्यासारखे आहेत. पहिला, की बँकेच्या नावाने खोट्या साइट काढणारे, लोन ॲपवाले, सट्ट्याच्या साइट, लहान मुलांच्या शोषणाचं साहित्य विकणारे, यांना काय नोटीस देऊन ४८ तास थांबायचं? तेवढ्या वेळात शंभर लोकांचे पैसे जातील. बरोबर आहे, नका थांबू. आजीच्या पेन्शनचे पैसे खोट्या साइटवर जाताना मी जवळून बघितलेत, मला तो ब्लॉक मिनिटात झालेला हवाय. पण तातडीची तरतूद त्यासाठीच आहे ना, आधी अडवा, मग कळवा. फसवणारा सुनावणीला येणारच नाही, त्याचा ब्लॉक आपोआप कायम होईल. येईल तो फक्त ज्याला सांगण्यासारखं काही आहे असा माणूस, आणि तेवढ्यासाठीच दार उघडं ठेवायचंय. व्यंगचित्राला आणि खोट्या बँकेला एकच घाईची पद्धत लावली जाते तिथे गडबड आहे.

दुसरा मुद्दा गोपनीयतेचा, देशाच्या सुरक्षेचा. इथे मला खरंच कळत नाही की लपवायचं काय आहे. साइट उघडत नाही हे अख्ख्या देशाला दिसतंय. मालकाला माहीत आहे त्याने काय छापलं. तक्रार कुणी केली ते नाव झाका हवं तर, गुप्तचरांचा अहवाल असेल तर तेवढा भाग काळा करा, पण आदेशाचा नंबर, तारीख, कुठलं कलम, कुठलं पान, एवढं सांगितल्याने कुठली सीमा उघडी पडते? जम्मू-काश्मीरच्या इंटरनेट बंदीवर अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, म्हणजे बाधित माणसाला ते कोर्टात आव्हान देता येतील. अख्ख्या जिल्ह्याचं नेट बंद करायचा आदेश छापायचा, आणि एका साइटचा आदेश मात्र मालकालाही दाखवायचा नाही, हे कुठल्या तर्कात बसतं?

आणि नीट करता येत नाही असं नाही. आपल्याच मुंबई हायकोर्टात २०१६ मध्ये हे करून दाखवलेलं आहे. ग्रेट ग्रँड मस्ती आणि ढिशूम या सिनेमांची पायरसी रोखायला निर्माते आले, साइटच्या साइट बंद करून द्या म्हणाले. न्यायमूर्ती गौतम पटेलांनी अख्ख्या साइट बंद करायला सहजासहजी हो म्हटलं नाही, कुठल्या लिंक आहेत त्याची यादी आणा, तपासून आणा, शपथेवर सांगा म्हणाले. शिवाय ब्लॉक केलेल्या पानावर जी पाटी येते तिच्यावर कुठला दावा, कुठला आदेश, कुणाशी संपर्क करायचा ते लिहा, म्हणजे चुकून अडवलेल्या निरपराध माणसाला कोर्टात येता येईल. बस, एवढंच तर हवंय. याच्या उलट मद्रास हायकोर्टात ऑगस्ट २०१७ मध्ये काय झालं तर हिंदी सिनेमांच्या निर्मात्यांनी अडीच हजारांहून जास्त पत्त्यांची यादी दिली, ती तशीच मंजूर झाली आणि तिच्यात इंटरनेट अर्काइव्ह होतं. ज्या संग्रहात सरकारी डिजिटल लायब्ररीतून आलेली जुनी मराठी पुस्तकं पडली आहेत, जी दुकानात सोडा ग्रंथालयातही धड मिळत नाहीत, ते सगळं दोन सिनेमांपायी भारतात बंद. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते हे. अर्काइव्हवाल्यांना आधी कुणी विचारलं असतं तर एका ईमेलात विषय संपला असता.

चूक पण नवी नाही. २००३ मध्ये मेघालयातल्या एका गटाच्या ग्रुपसाठी अख्खं याहू ग्रुप्स बंद झालं. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले, त्या आठवड्यात दूरसंचार खात्याने थोड्या पानांची यादी काढली आणि कंपन्यांनी सरळ ब्लॉगस्पॉट अडवलं. मराठीत ब्लॉग लिहायला तेव्हा कुठे लोकांनी सुरुवात केली होती, आणि त्याच दिवसांत मुंबईतले लोक ब्लॉगवरून एकमेकांची खुशाली शोधत होते. डिसेंबर २०१४ मध्ये ३२ साइटच्या यादीत प्रोग्रॅमर कोड ठेवतात ते गिटहब आणि व्हिडिओंचं व्हीमिओ गेले. २०२२ मध्ये व्हीएलसी प्लेअरची साइट, जो प्लेअर आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या कॉम्प्युटरवर आहे, त्यांनी कायदेशीर नोटीस पाठवल्यावर नोव्हेंबरात उघडली. यातल्या कुठल्या मालकाने काय काळजी घ्यायला हवी होती सांगा बरं. गिटहबने काय वेगळं प्लगइन टाकायचं होतं?

म्हणून माझी मागणी मालकांकडे कमी आणि सरकारकडे, कोर्टाकडे जास्त आहे. मालकाचा पत्ता साइटवर असेल तर त्याला थेट नोटीस द्या, होस्टिंग कंपनीला कळवलं हे कारण चालणार नाही. आदेशाची प्रत मागितल्याशिवाय द्या. पानाचा वाद असेल तर आधी मालकाला ते पान काढायला सांगा, तो नाही म्हणाला तर मग पुढचा विचार करा, कारण एचटीटीपीएसमुळे पान अडवणं कंपनीला जमत नाही पण मालकाला एका मिनिटात जमतं, त्याला विचारणं हाच सगळ्यात छोटा ब्लॉक आहे. प्रत्येक आदेशाला मुदत घाला, ती संपली की परत तपासा. आणि दूरसंचार खात्याच्या साइटवर एक साधी जागा ठेवा जिथे आपलं डोमेन टाकलं की त्यावर आदेश आहे की नाही आणि नंबर काय एवढं दिसेल. मार्च २०२५ मध्ये याच नियमांना आव्हान देणाऱ्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने सरकारला नोटीस काढली, आणि ज्याची ओळख पटू शकते त्याला नोटीस मिळायला हवी असं प्रथमदर्शनी मतही न्यायाधीशांनी बोलून दाखवलं. त्याच्यावर साइटवाल्यांनी लक्ष ठेवायला पाहिजे, त्यातल्या संघटनांना आपले अनुभव कळवायला पाहिजेत, छोट्या मराठी साइटवाल्यांनी तर नक्कीच, कारण इंग्रजी साइट गेली की निदान बातमी होते.

तोपर्यंत ज्यांच्यावर वेळ येईल त्यांच्यासाठी. फोन यायला लागले की सेटिंगशी झटापट करू नका, आधी दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नेटवरून साइट उघडून बघा, ओळखीच्यांना वेगवेगळ्या गावांतून बघायला सांगा, तारीख, वेळ, कंपनीचं नाव दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवा. डीएनएस बदलून, आठ-आठ-आठ-आठ (गुगलचं) किंवा एक-एक-एक-एक (क्लाउडफ्लेअरचं) टाकून उघडली तर नावाच्या पातळीवर अडवलंय, तरी नाही उघडली पण परदेशातल्या नातेवाइकाकडे उघडली तर कनेक्शन तोडतायत. वाचकांचे ईमेल आधीपासून गोळा केलेले असतील तर त्याच दिवशी सगळ्यांना कळवा की साइट आम्ही बंद केलेली नाही, ही एक यादी असणं कुठल्याही मिररपेक्षा उपयोगी आहे. इंटरनेट कंपनीला, दूरसंचार खात्याला आणि इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या नियुक्त अधिकाऱ्याला लेखी विचारा की आदेश आहे का, असेल तर प्रत द्या आणि २००९ च्या आठव्या नियमाखाली आमचं म्हणणं ऐका. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. बहुतेक उत्तर येईल की माहिती गोपनीय आहे, देता येत नाही. ते नकाराचं पत्र फाडू नका, ईमेल डिलीट करू नका, कारण हायकोर्टात उभं राहायचं असेल तर साइट खरंच सरकारनेच अडवली आणि तुम्ही विचारूनही सांगितलं नाही, याचा तुमच्याकडचा पहिला कागद तोच असतो.